आधी पाहा, मग ॲप उघड

सप्रेम आशीर्वाद.

पक्षिनिरीक्षणानं स्मरणशक्ती वाढते का, असं तू विचारलंस. परीक्षेत चार गुण जास्त पडावेत म्हणून दुर्बीण गळ्यात अडकवणार असशील, तर राहू दे. मेंदूवर परिणाम होतो हे मात्र खरं. तो कशामुळे होतो, ते नीट समजून घे.

२००० साली मानसशास्त्रज्ञ इसाबेल गोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या पक्षिनिरीक्षकांच्या मेंदूचे एफएमआरआय स्कॅन केले, म्हणजे काम करताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते टिपलं. माणसांचे चेहरे ओळखताना मेंदूचा जो भाग विशेष कामाला लागतो, तोच भाग या मंडळींमध्ये पक्षी पाहतानाही पुढे सरसावला. मोटारींच्या जाणकारांमध्ये हेच मोटारी पाहताना दिसलं. त्यामुळे पक्ष्यांमध्ये काही जादू आहे असं समजू नकोस. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या गोष्टी वर्षानुवर्षं वेगळ्या करत राहण्याचा तो परिणाम.

आपला पावशा घे. पाठ राखाडी, पोटावर तांबूस पट्टे, शेपटीवर आडवे पट्टे. थेट शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षीच वाटतो. तो झाडावर उतरला की लहान पक्षीसुद्धा घाबरून ओरडतात. पण चोच बघ. शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वळलेली, पावशाची बारीक आणि बरीच सरळ. मग पाय बघ. शिक्र्याचे भक्ष्य पकडणारे, दणकट नख्यांचे. पावशाचे अगदीच किरकोळ. पावसाच्या तोंडावर पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाक ऐकू आली तर प्रश्नच मिटला. एरवी मात्र तुझी नजर चोचीवरून पायांवर, पायांवरून शेपटीवर जाते, मनात दोन नावं झुंजत असतात. मेंदूला व्यायाम होतो तो त्या झुंजीत.

म्हणूनच मला मर्लिनसारख्या, आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगणाऱ्या ॲपची काळजी वाटते. ॲप वाईट नाही, मीही वापरतो. पण आवाज आला की लगेच फोन पुढे धरलास, तर नाव मिळेल आणि पक्षी निसटेल. आधी वहीत लिही: आकार केवढा, चोच कशी, कुठे बसला होता, काय करत होता. वाकडंतिकडं का होईना, चित्र काढ. स्वतःचा अंदाज लिही. त्यानंतर ॲप उघड.

आता या परिणामाच्या मर्यादाही सांगतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूच्या अभ्यासक एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाला दिसलं, की परीक्षा पास झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी आणि वाटा लक्षात ठेवण्याशी जोडलेल्या भागाचा, मागचा हिस्सा प्रशिक्षणाच्या काळात वाढला. नापास झालेल्यांचा नाही. पण मुरलेले चालक नवी गुंतागुंतीची आकृती आठवून काढण्यात इतरांपेक्षा कमी पडले. ज्याचा सराव, त्याचीच वाढ. पक्ष्यांमुळे तुझं इतिहासाचं पाठांतर सुधारेल, अशी आशा धरू नकोस.

सातत्यही हवं. २००४ च्या एका अभ्यासात तीन महिने तीन चेंडू एकामागून एक हवेत उडवून झेलायला शिकलेल्यांच्या मेंदूतला करडा भाग (ग्रे मॅटर) वाढलेला दिसला आणि सराव सोडल्यावर तो पुन्हा कमी झाला. तेव्हा सुट्टीत एकदा भिगवणच्या पाणथळीवर जाऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्यापेक्षा, घराजवळच्या एकाच झाडाखाली रोज दहा मिनिटं उभी राहा. तेच ते पक्षी दिसतील, आणि तेच हवंय.

वहीची पहिली दोन पानं भरली की फोटो काढून पाठव. अंदाज खोडू नकोस, चुकलेलाही मला वाचायचा आहे.