घरी बांधलेल्या विमानाच्या पंखात फायबरची पेट्रोल टाकी करायची आहे. रेझिन कोणतं आणि लेयर किती?

कूलरच्या बॉडीला लागतं ते साधं पॉलिस्टर रेझिन वापरू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

आर्वीकडे आमचं फायबरचं काम आहे. चुलतभावाने इंजिनिअर झाल्यावर शेतातल्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. टाकीची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आधी तुकडे पेट्रोलमध्ये भिजत घालू. तर पाहुण्यांसमोर म्हणतो, "आता कूलरवाला मले विमान शिकवते काय?"

मी तरी दोन तुकडे मारले, एक पॉलिस्टरचा, एक विनाइलएस्टर या दुसऱ्या रेझिनचा, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले. दिवाळीच्या सुमारास काढले. पॉलिस्टरमध्ये नख रुतत होतं, कडेचे धागे सुटले होते. विनाइलएस्टर खणखणीत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, साधं रेझिन त्याने मऊ पडतं आणि सुटलेला गाळ कार्ब्युरेटरकडे जातो. एपॉक्सी हे तिसरं रेझिन, तेही सगळे टिकत नाहीत, भिजवून बघाच. ज्याने हाताने कधी काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनने भिजवली नाही त्याने रेझिनवर बोलू नये, डिग्री कोणतीही असो. तुमच्याकडे फायबरचा कारागीर असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन बसा.

टाकी होते, यात शंका नको. अमेरिकन विमान डिझायनर बर्ट रुटानचं घरी बांधायचं विमान लाँग-ईझी १९७९ मध्ये उडालं, त्याचं इंधन फायबरच्याच टाक्यांत असतं. थर्माकोल मात्र पेट्रोलमध्ये विरघळतं, टाकीच्या भिंतीच्या गाभ्याला पीव्हीसी फोम घ्या. मे महिन्यात दुपारी काम काढू नका, ४५ अंशांत डब्यातल्या डब्यात रेझिन तापून धूर निघतो.

गळती बघायला कॉम्प्रेसर लावू नका. १ पीएसआय दाब म्हणजे एका चौरस फुटावर ६५ किलो, सपाट भिंत उचकटते. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी टाकीला जोडा, फुंकून पाणी थोडं चढवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. शेडवर ऊन आलं की पाणी आपोआप हलतं, ती गळती नव्हे.

लेयर किती ते तुमच्या विमानाच्या ड्रॉइंगमध्ये असतं, त्यात मी बोलणार नाही. आणि हो, रोटॅक्स ९१२ इंजिन असेल तर कंपनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवते, म्हणजे टाकी टिकली तरी पेट्रोलचा प्रश्न उरतो. डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान खात्याची, परवानगी वेगळी. भरताना टाकीच्या तोंडाची धातूची रिंग वायरने जमिनीला जोडा, फायबरमधून स्थिर वीज उतरत नाही.