शेवटच्या दृश्याबद्दल बोलताना

परवा प्लाझा थिएटरात सिनेमा बघून दादर स्टेशनपर्यंत चालताना तू त्यातल्या पात्राबद्दल सारखं एकच विचारत होतीस, "त्याने असं का केलं?" प्रश्न चांगला आहे गं, पण त्याच्याआधी "त्याने नेमकं काय केलं?" हे विचारत जा.

चैतन्य ताम्हाणेंचा २०१४ चा 'कोर्ट' हा सिनेमा घे. आपल्याच मुंबईतल्या सत्र न्यायालयातला खटला. उन्हाळी सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे जातात, पडदा काळा. सिनेमा संपला म्हणून लोक उठायला लागतात. आणि मग रिसॉर्टमधले न्यायाधीश दिसतात. बाकावर डुलकी लागलेली. पोरं ओरडून पळतात, ते दचकून उठतात, एका पोराच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. बस्स, एवढंच. "न्यायव्यवस्था झोपली आहे" म्हणून लगेच मोकळी होऊ नकोस. ओरडले सगळे, मार कोणाला बसला? थोड्याच वेळापूर्वी हेच गृहस्थ एका बापाला मुलाचं नाव बदलायचा सल्ला देत होते, तो धागा जोडून बघ. मला तिथे दुष्टपणा दिसत नाही, सवय दिसते. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

दिग्दर्शकाच्या मुलाखती नंतर वाच. आधी वाचल्यास तर स्वतःचं बघणं थांबतं. रोजच्या मालिकांना मात्र "नेमकं काय केलं" ही फूटपट्टी लावू नकोस, तिथे टीआरपी घसरला की पात्राचा स्वभावही बदलतो.

आणि कुणी वेगळं म्हणालं तर वाद घालायच्या आधी विचार, "कुठल्या दृश्यावरून?"