नीटमध्ये गुण कमी पडले. न्यूरोबायोलॉजी घेतली तर पुढे नोकरी मिळते का?

मिळते, पण उशिरा. ‘नीट हुकली म्हणून’ मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासाचा हा विषय घेऊ नका, असे मी प्रथम सांगेन, कारण आमच्या घरात आजही तो डॉक्टर होऊ न शकलेल्यांचा आसरा समजला जातो.

मी परभणीला बीएस्सी करत असताना कपाशीवर फवारणी करताना माझ्या चुलत्यांना विषबाधा झाली. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि दंडाचे स्नायू सारखे फडफडत होते. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन सुरू झाल्यावर लाळ आटली, छाती मोकळी झाली, फडफड मात्र थांबली नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करते, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचे संदेश पोहोचवणारे रसायन साचते आणि ग्रंथी व स्नायू दोन्ही अखंड उद्दीपित राहतात. अ‍ॅट्रोपिन ग्रंथींवरचे मस्करिनिक ग्राहक (संदेश स्वीकारणारे रेणू) अडवते, परंतु हातापायांच्या स्नायूंवरचे ग्राहक निकोटिनिक या दुसऱ्या प्रकारचे असल्यामुळे तिथे त्याचा उपयोग होत नाही. हे उमगले त्याच आठवड्यात मी पुढचा विषय ठरवला. चुलते बरे झाल्यावर मामा म्हणाले, “एवढं कळतंय तर डॉक्टरच का झाली नाहीस?” औषध डॉक्टरांनीच दिले, हे खरे. परंतु ते कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे कोणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसून शोधले होते, आणि मला ते काम करायचे होते. मामांना हे अजूनही पटलेले नाही.

पदवीला प्राणिशास्त्र, जीवरसायन किंवा भौतिकशास्त्र असले तरी चालते. गणित मात्र सोडू नका. पुढे मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूच्या आयआयएससी, निम्हान्स व एनसीबीएस, मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर ही ठिकाणे आहेत. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनपद. प्राध्यापकाच्या जागा थोड्या असतात. औषध कंपन्यांतील चाचण्या आणि मेंदूच्या प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण हेही मार्ग आहेत.

या पदवीवर रुग्ण तपासता येत नाहीत. घरी लगेच पगाराची गरज असेल, तर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) लवकर हाताशी येते. परंतु केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी लातूरला आणखी एक वर्ष क्लास लावणार असाल, तर त्या पैशांत बीएस्सीची तिन्ही वर्षे होतील.