मुलीला क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्येच करिअर करायचंय. आत्ताच बोर्डिंगला पाठवू का?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली नऊ वर्षं बव्हेरियात केम्प्टनला आहोत. दोघंही नोकरी करतो. मुलगी तेरा वर्षांची, गिम्नाझियमच्या (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेच्या) आठवीत आहे. लहानपणापासून इथल्या स्की क्लबमध्ये क्रॉस-कंट्री, म्हणजे बर्फावरून लांब पल्ल्याचं स्कीइंग, करते. यंदा तिच्या प्रशिक्षकांनी ओबर्स्टडॉर्फच्या स्की बोर्डिंगचा विषय काढला. तिला जर्मनीकडून ऑलिंपिकला उतरायचंय. या खेळात पोट भरतं का? शिक्षणाचं काय होतं? आणि घरात सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय आहेत, त्यानं काही अडतं का? – एक आई

उत्तर :

पासपोर्टचा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलाय. माझ्या मते तो पहिला आहे.

क्लबच्या आणि राज्य पातळीवरच्या शर्यतींना सहसा नागरिकत्व आड येत नाही, म्हणून आतापर्यंत ते जाणवलं नसेल. पण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतीत ज्या देशाच्या नावानं उतरायचं, त्या देशाचं नागरिकत्व लागतं. कनिष्ठ जागतिक स्पर्धा, विश्वचषक, ऑलिंपिक, सगळीकडे हाच नियम. त्याहून मोठी अडचण पगाराची आहे. जर्मनीत या खेळाडूंचा पगार येतो सैन्य, केंद्रीय पोलिस आणि कस्टम्स यांच्या क्रीडा विभागांतून. सैन्याला जर्मन नागरिकत्वच लागतं; पोलिस आणि कस्टम्समध्ये जर्मन किंवा युरोपीय संघातल्या देशाचं चालतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर मुलगी कितीही वेगानं पळाली, तरी अठराव्या वर्षी रस्ता बंद होतो.

जून २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मोठ्यांना बी-वन पातळीचं (रोजच्या व्यवहारापुरतं) जर्मन, स्वतःचं उत्पन्न आणि ३३ प्रश्नांच्या चाचणीत किमान १७ बरोबर उत्तरं एवढं लागतं. मुलीचं नाव तुमच्यापैकी एकाच्या अर्जातही जोडता येतं. फी मोठ्यांना २५५ युरो आणि सोबतच्या मुलाला ५१. ती सोळाची झाली की तिचा अर्ज तिच्या नावानं वेगळा होतो, म्हणून आत्ता करणं सोपं. बऱ्याच कार्यालयांत फायली वर्षभर आणि त्याहूनही जास्त पडून राहतात, हे धरूनच चाला.

जर्मनीची आता दुहेरी नागरिकत्वाला हरकत नाही, भारताची आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं) घ्यावं लागेल. ओसीआयवर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. गावाकडे शेती असेल तर ही चर्चा आजी-आजोबांसकट आधीच होऊ द्या. भारताकडून खेळणं हाही एक मार्ग आहे. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये जगदीश सिंग १५ किलोमीटरला उतरले होते. पण त्या वाटेवर जर्मन संघाचं प्रशिक्षण नाही आणि वर सांगितलेल्या सरकारी नोकऱ्याही नाहीत. तिचं स्वप्न तर नेमकं जर्मनीच्या जर्सीचं आहे.

आता पोट भरण्याचं. विश्वचषकाची बक्षिसं वरच्या थोड्या क्रमांकांतच संपतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कातारिना हेनिग आणि व्हिक्टोरिया कार्ल यांनी सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा जर्मन क्रीडा साहाय्य निधीचं सुवर्णासाठीचं बक्षीस २० हजार युरो होतं. तुमच्या घरातल्या एका पगाराशी ते ताडून बघा. संसार चालतो तो दर महिन्याच्या सरकारी पगारावर, आणि तो पगार संघातल्या स्थानावर टिकतो.

ही स्थानांची शिडी समजून घ्या. आधी राज्याचा संघ, मग राष्ट्रीय पातळीवरचे उदयोन्मुख गट दोन आणि एक, त्यावर संभाव्य गट आणि सर्वांत वर ऑलिंपिक गट. सैन्यातली जागा स्की महासंघाच्या शिफारशीनं मिळते आणि कामगिरी बघूनच पुढे चालू राहते. दोन वाईट हंगाम गेले की गटातलं नाव जातं, त्यामागे जागाही जाते. केंद्रीय पोलिसांचं तसं नाही. हिवाळी खेळाडूंसाठी त्यांची क्रीडा शाळा बाड एन्डॉर्फला आहे. तिथे पोलिसाचं प्रशिक्षण दरवर्षी बर्फ नसलेल्या काही महिन्यांत, असं चार वर्षांत पूर्ण करून घेतात. खेळ संपला तरी हातात पूर्ण शिकलेली सरकारी नोकरी उरते. तिच्या स्वभावाला गणवेश मानवणार असेल तर मी पोलिसांकडेच बोट दाखवेन. जागा मात्र फार थोड्या, आणि त्यांत बायथलॉनवाल्यांशीही (क्रॉस-कंट्री स्कीइंग अधिक नेमबाजी) स्पर्धा.

बायथलॉनचं नाव आलंच आहे तर सांगतो. जर्मनीत हिवाळ्यात टीव्हीवर सगळ्यांत जास्त बघितला जातो तो बायथलॉन. प्रायोजक तिकडे, पैसा तिकडे. क्रॉस-कंट्री मागे पडतो. २०१८ च्या ऑलिंपिकमधून जर्मनीचे क्रॉस-कंट्रीवाले रिकाम्या हातानं परतले. २०२१ ला ओबर्स्टडॉर्फला घरच्या जागतिक स्पर्धेतही पदक नाही. मग २०२२ ला ते सुवर्ण आणि महिला रिलेचं रौप्य आलं. तुमच्या मुलीला नेमबाजी आवडते का, हे एअर रायफल हातात देऊन एकदा बघाच, क्लबमध्ये सोय असते. आवडली नाही तरी नुकसान नाही. डेनिझ हेरमान २०१४ च्या सोचीत क्रॉस-कंट्री रिलेचं कांस्य जिंकून होती. सत्ताविसाव्या वर्षी ती बायथलॉनला गेली आणि २०२२ मध्ये १५ किलोमीटरचं वैयक्तिक सुवर्ण घेऊन आली.

या खेळात बहर उशिरा येतो, हे त्यातून दिसतं. हेनिगचा विश्वचषकातला विजय फ्रान्समधल्या ले रूसला, २० किलोमीटर क्लासिकमध्ये (स्की समांतर ठेवून पळायचा प्रकार), जानेवारी २०२३ चा. तेव्हा ती २६ वर्षांची होती. क्लाउडिया निस्टाडनं २००२ ला रिलेचं सुवर्ण घेतलं, २०१० ला व्हँकुव्हरमध्ये सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण घेतलं तेव्हा ती ३२ वर्षांची होती. त्यानंतर निवृत्त होऊन, परत येऊन सोचीच्या कांस्यातही ती होतीच. हृदय, स्नायूंतलं केशिकांचं जाळं आणि तंत्रातली काटकसर वर्षानुवर्षांच्या शांत किलोमीटरांवर तयार होते. ती घाईनं बांधता येत नाही. म्हणून तेराव्या वर्षीच्या गुणतालिकेवर मी फारसा विसंबत नाही. आज पुढे असलेल्या मुली बऱ्याचदा लवकर वयात आलेल्या असतात. चौदा ते सोळाच्या दरम्यान शरीर बदलतं तसा मुलींचा वेग वर्ष-दीड वर्ष अडकतो, कधी घटतो. जो प्रशिक्षक तेव्हा वजनाबद्दल बोलायला लागेल, त्याच्यापासून मुलीला बाजूला काढा. पुरेसं न खाता सराव वाढवला की पाळी थांबते, हाडांना बारीक तडे जातात आणि तिथून परतायला पूर्ण हंगाम जातो. तुमच्या घरात शाकाहार असेल तर वर्षातून दोनदा रक्तातलं फेरिटिन तपासा. फक्त हिमोग्लोबिन बघून भागत नाही. ते ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मुलगी आळशी झाली असं घरात सगळ्यांना वाटत राहतं.

आता बोर्डिंग. माझं मत : आठवीत नको. केम्प्टन ते ओबर्स्टडॉर्फ जेमतेम ४० किलोमीटर. तिथल्या रीडच्या नॉर्डिक केंद्राचे (क्रॉस-कंट्रीच्या स्टेडियमचे) ट्रॅक शनिवार-रविवारी गाठता येतात. या वयाला सगळे खेळ धरून वर्षाला २५० ते ३५० तास सराव पुरतो आणि तो घरी राहून होतो. बोर्डिंगचा खरा फायदा सुरू होतो तो दिवसातून दोन सत्रं लागायला लागली की. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा वर्षाचे तास ४५० च्या पुढे जातात. एकोणिसाव्या वर्षी ते ६०० च्या आसपास असतात आणि वरच्या पातळीच्या महिला ७५० ते ९०० तास करतात, त्यातला सुमारे चार पंचमांश भाग बोलता येईल इतक्या संथ गतीनं. वर्षाला दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा मोठी उडी मारली की पोटऱ्या, गुडघे आणि आजारपणं सुरू होतात. आधी राज्य संघात नाव येऊ द्या, मग दहावीच्या सुमाराला बोर्डिंगचा अर्ज करा.

शिक्षण सोडायचं नाही, आणि जर्मन पद्धतीत सोडावं लागतही नाही. आबिटूर, म्हणजे इथली बारावीसारखी शेवटची परीक्षा, पूर्ण होऊ द्या. काही क्रीडा शाळांत शेवटचा टप्पा दोनऐवजी तीन वर्षांत करता येतो. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च शर्यती आणि परीक्षा एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. ही सोय तुम्ही बघाल त्या शाळेत आहे का, हे स्पष्ट विचारा. पुढे आन्सबाखच्या हॉख्शूलमध्ये (उपयोजित शिक्षणाच्या विद्यापीठात) खास खेळाडूंसाठी व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम आहे, बराचसा दुरून करता येणारा. इंजिनिअरिंग मात्र याच्या जोडीनं ओढणं फार कठीण. प्रयोगशाळेची हजेरी आणि फिनलंडमधलं शिबिर एकाच आठवड्यात पडतं.

साहित्याचं थोडक्यात. वाढत्या वयात नव्या रेसिंग स्की घेऊ नका; एका जोडीला ५०० ते ७०० युरो पडतात आणि स्कीचा ताठपणा वजनाशी जुळवायचा असल्यामुळे वर्षभरात ती निरुपयोगी ठरू शकते. क्लबमधल्या मोठ्या मुलींकडून वापरलेल्या घ्या. स्कीला फ्लोरिनचं मेण लावलं होतं का, ते मात्र विचारा. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्यावर बंदी आहे, तपासणी होते आणि तळात मुरलेला अंशही सापडू शकतो. क्लासिकच्या काठ्यांची लांबी शर्यतीत उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्केटिंगच्या (पाय तिरके बाजूला ढकलत जायच्या प्रकाराच्या) काठ्या उंचीच्या साधारण ९० टक्के. खर्च करायचाच तर चांगले रोलर-स्की (रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्की) आणि हेल्मेट यांवर करा. मे ते ऑक्टोबर सगळं त्यांवरच चालतं.

म्हणूनच भारतात उन्हाळी सुट्टीत जाणं या खेळाला सोयीचं नाही. बव्हेरियाची शाळा ऑगस्टमध्ये बंद असते आणि सरावाचा पाया तेव्हाच भरला जातो. एप्रिल हा विश्रांतीचा महिना, ईस्टरच्या सुट्टीत सांगलीला जा. आंबेही तेव्हाच असतात.

येताना बॅगेत काय आणता, ते मात्र बघा. कोणत्याही निषिद्ध पदार्थाची जबाबदारी खेळाडूची, आईनं प्रेमानं दिला असला तरी. भारतात खोकल्याच्या अनेक सिरपांत टर्ब्युटालीन असतं, ते बंदीच्या यादीत आहे. जर्मनीतही ॲम्ब्रॉक्सोलसोबत क्लेनब्युटेरॉल असलेलं खोकल्याचं औषध मिळतं, तेही बंद. भस्मं, चूर्णं, ताकदीच्या पावडरी नकोच, कारण त्यांत काय मिसळलंय हे कुणी तपासलेलं नसतं. साखेनबाखर-श्टेले या दोनदा सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूची २०१४ ची ऑलिंपिक चाचणी एका पूरक पदार्थामुळेच बिघडली. औषध घेण्याआधी जर्मन उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत नाव बघायचं, पूरक पदार्थ असेल तर तो ‘कोल्नर लिस्ट’वर (उत्तेजकांसाठी तपासलेल्या पूरक पदार्थांच्या यादीवर) आहे का ते बघायचं. थंड कोरड्या हवेत वर्षानुवर्षं जोरात श्वास घेतल्यानं या खेळाडूंमध्ये दमा बराच आढळतो. डॉक्टरांनी साल्ब्युटामोलचा पंप दिला तर तो चालतो, पण चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० ही मर्यादा आहे. आणि ताप असताना सराव कधीच नाही. त्यातून हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

बहुतेक बोर्डिंग काही दिवस राहून बघायला देतात. त्या दिवसांत मुलीला ट्रॅकवर काय करायला लावतात हे तीच सांगेल. तुम्ही तिथल्या कार्यालयात तीन गोष्टी विचारा : गेल्या पाच वर्षांत दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी आबिटूर पूर्ण केलं, जखमी झालेल्या मुलीला बोर्डिंगमध्ये किती महिने ठेवतात, आणि गटातून नाव गेलं तर शाळेतली जागा राहते की जाते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.