अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या ‘दिल्ली’ कुणी वसवल्या?

तुमचे प्रश्न तीन आहेत. नकाशावर दिसणारी ही दिल्ली नावाची गावं भारतीयांनी वसवली का, त्यांचा एकमेकींशी संबंध आहे का, आणि तिकडे एखादी मुंबईही आहे का. पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’. दुसऱ्याचं, ‘काहींचा आहे’. मुंबई आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

या चर्चेत एका सदस्याने लिहिलंय की पंजाबी मजुरांनी हे नाव सोबत नेलं असावं. काळ जुळत नाही. पंजाबी माणूस उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर थोड्याफार संख्येने उतरला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. तोवर न्यूयॉर्क राज्यातली दिल्ली शंभर वर्षांची झाली होती.

सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते, कारण या घराण्यातली थोरली तीच. कॅट्स्किल डोंगरांच्या पश्चिमेला, डेलावेअर नदीच्या पश्चिम फाट्यावर हे गाव आहे. १७९७ मध्ये डेलावेअर काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) वेगळी काढली गेली आणि पुढच्या वर्षी दिल्लीला टाउनचा दर्जा मिळाला. काउंटी वेगळी व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत एबनेझर फूट हा पुढारी होता. स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेला, विधिमंडळात बसलेला, पुढे न्यायाधीश झालेला हा गृहस्थ इतका वजनदार होता की लोक त्याला ‘ग्रेट मुघल’ म्हणत. मग मुघलाचं गाव कुठलं, तर दिल्ली. नाव पडलं ते असं, अर्धं मानाने आणि अर्धं टोमण्याने. विरोधकांना ते पसंत नव्हतं. त्यापेक्षा गावाला फूटचंच नाव द्या, असं एकजण चिडून म्हणाल्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. तिकडचे लोक उच्चार ‘डेल-हाय’ करतात. तुम्ही ‘दिल्ली’ म्हणून पत्ता विचारलात तर समोरचा गोंधळेल.

इथे एक अवांतर सांगायचा मोह आवरत नाही. १७९८ मध्ये हे नाव पडलं तेव्हा खऱ्या दिल्लीत ‘ग्रेट मुघल’ म्हणजे शाह आलम दुसरा. दहा वर्षांपूर्वी गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले होते आणि शहरावर ताबा शिंद्यांचा होता. महादजी जाऊन चार वर्षं झाली होती, दौलतरावांच्या वतीने तिकडचा कारभार पेराँ हा फ्रेंच सरदार पाहत होता. इंग्रज दिल्लीत शिरले ते १८०३ मध्ये. म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरात एका स्थानिक पुढाऱ्याला मुघल म्हणून चिडवत होते, तेव्हा खुद्द मुघल मराठ्यांच्या आश्रयाला होता. फूटला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. इंग्रजीत ‘मुघल’ हा शब्द केव्हाच बड्या धेंडासाठी रुळला होता.

या गावाच्या इतिहासात मला सर्वांत वाचनीय वाटतो तो कुळांचा लढा. त्या डोंगराळ मुलखात जमीन शेतकऱ्याच्या मालकीची नसायची. १७०८ सालच्या हार्डनबर्ग पेटंटपासून, म्हणजे जमिनीच्या सरकारी सनदेपासून, लाखो एकर मोजक्या कुटुंबांच्या हातात होते आणि कसणारे पिढ्यानपिढ्या खंड भरत. १८४० च्या दशकात कुळं उठली. छापील कापडाचे झगे घालायचे, तोंडावर मेंढीच्या कातड्याचे मुखवटे चढवायचे, पत्र्याचे भोंगे फुंकायचे आणि जप्तीला आलेल्या अधिकाऱ्याला पळवून लावायचं, ही त्यांची रीत. ७ ऑगस्ट १८४५ रोजी शेजारच्या अँडीज गावी मोझेस अर्ल या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ६४ डॉलर थकबाकीपोटी गुरांचा लिलाव पुकारला होता. तिथे गोळ्या झाडल्या गेल्या आणि उपशेरीफ ऑस्मन स्टील मारला गेला. मग दिल्लीत धरपकड सुरू झाली, खटले तिथल्याच कोर्टात चालले, दोघांना फाशी सुनावली गेली. गव्हर्नर सायलस राइट यांनी फाशीची जन्मठेप केली आणि त्यांच्यानंतर आलेल्या गव्हर्नरांनी कैद्यांना माफीही दिली. १८४६ च्या राज्यघटनेत शेतजमिनीचे बारा वर्षांपेक्षा लांब मुदतीचे भाडेपट्टे करायला बंदी आली. कूळकायद्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटेल.

आता संबंधांचा प्रश्न. न्यूयॉर्कमधले लोक पश्चिमेकडे सरकले तशी गावांची नावंही त्यांच्याबरोबर गेली. आयोवातली दिल्ली याचं उत्तम उदाहरण. तिथेही काउंटीचं नाव डेलावेअर आणि तिचं मुख्य ठिकाण दिल्ली, अशी जोडीच्या जोडी उचलून नेलेली. नवीन काउंटीला नाव देणारे न्यूयॉर्ककडचे असले की असं घडायचं, भारताचा इथे विचारसुद्धा नाही. पुढे रेल्वे गेली मँचेस्टरवरून, त्यामागोमाग कोर्टकचेऱ्याही मँचेस्टरला हलल्या आणि दिल्ली मागे पडली. आज लोकसंख्या चारशेच्या आसपास असेल. हे नाव अलीकडे बातम्यांत आलं ते जुलै २०१० मध्ये, अतिवृष्टीने माकोकेटा नदीवरचा लेक दिल्लीचा बांध फुटला तेव्हा. तो परत बांधून तलाव २०१६ मध्ये पुन्हा भरला.

लुइझियानाच्या दिल्लीबद्दल थोडक्यात आटोपतो. आधीचं नाव डिअरफील्ड, नंतर बदललं. कापसाचा प्रदेश, वस्ती तीन हजारांच्या आत. तिकडे गेलात तर गावापेक्षा जवळचं पॉव्हर्टी पॉइंट पाहा. सुमारे ३४०० वर्षांपूर्वी, शेती न करणाऱ्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून उभारलेले प्रचंड उंचवटे आणि बांध. २०१४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

कॅलिफोर्नियाची दिल्ली मात्र वेगळ्याच जातकुळीची. मर्सेड काउंटीतलं हे गाव चक्क सरकारी योजनेतून वसवलं गेलं. पाटबंधारे तज्ज्ञ एलवुड मीड ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात बरीच वर्षं काम करून परतले होते. सरकारने जमीन विकत घ्यावी, पाणी आणावं, जमीन तयार करून द्यावी आणि लहान शेतकऱ्याने दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी ती फेडावी, ही त्यांची कल्पना. १९१७ मध्ये त्यासाठी कायदा झाला. पहिली वसाहत डरहॅमला झाली, दुसरी दिल्लीला, सुमारे आठ हजार एकरांवर. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक इथे शेती करतील, अशी अपेक्षा होती.

जमीन निवडताना घोळ झाला. दिल्लीची माती म्हणजे निव्वळ वाळू, वाऱ्याबरोबर उडणारी. काँक्रीटचे पाइप टाकून पाणी आणलं, पण रोपं वाळूखाली जायची आणि सपाट केलेली जमीन पुन्हा उंचसखल व्हायची. तेवढ्यात १९२० च्या दशकात शेतमालाचे, विशेषतः पीच आणि मनुक्यांचे, भाव कोसळले. कर्ज फिटेना, वसाहतकरी सरकारवर उलटले, सरकार वसाहतकऱ्यांना आळशी म्हणू लागलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याने यातून अंग काढून घेतलं. मीड १९२४ मध्येच वॉशिंग्टनला जाऊन केंद्राच्या सिंचन खात्याचे आयुक्त झाले होते. हूवर धरणामागचा लेक मीड त्यांच्याच नावाचा. माझं मत विचाराल तर कल्पना वाईट नव्हती, पण माती न पाहता कागदावर वसवलेलं गाव टिकवायला फार पैसा लागतो आणि तो द्यायला कुणी तयार नव्हतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर याच दिल्लीत आहे. मीड आणि त्यांचे पाठीराखे ही योजना मांडताना उघडपणे म्हणत की गोरे शेतकरी जमिनीवर टिकले नाहीत तर कॅलिफोर्नियाची शेती आशियाई लोकांच्या हातात जाईल. जवळच लिव्हिंग्स्टनला क्यूतारो आबिको यांनी उभी केलेली यामातो ही जपानी शेतकऱ्यांची वसाहत चांगली चालली होती, तीच अनेकांच्या डोळ्यांत खुपत होती. राज्याच्या १९१३ आणि १९२० च्या परकीय जमीन कायद्यांनी, नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेता येईना, पुढे भाड्यानेही घेता येईना. भारतीय त्यात बसतात की नाही यावर वाद होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला आणि वाद मिटला. थिंद स्वतः पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, हे विशेष. सैनिकांसाठी काढलेल्या दिल्ली नावाच्या वसाहतीत अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भारतीयालाही एकरभर जमीन मिळाली नसती. नागरिकत्वाची वाट १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने मोकळी झाली. आज त्याच पट्ट्यात, लिव्हिंग्स्टनच्या बाजूला, शीख शेतकरी भरपूर आहेत, गुरुद्वारा आहे, बदामाच्या बागा आहेत. दिल्ली गाव मात्र बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचं आहे, वस्ती दहा हजारांच्या वर.

आता कॅनडातल्या आपल्या ऑन्टॅरिओ प्रांताकडे. तुम्ही मिसिसागात राहता असं लिहिलंय, म्हणजे ही दिल्ली तुम्हाला दोन तासांच्या आत. नॉरफोक काउंटीत, तीन नंबरच्या हायवेवर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक सॉव्हरिन नावाच्या माणसाभोवती ही वस्ती जमली, म्हणून आधी तिला फ्रेडरिक्सबर्ग म्हणत. १८५० च्या दशकात नाव बदललं. ब्रिटिश साम्राज्यातल्या शहरांची नावं लावायची तेव्हा चाल होती. याच प्रांतात लखनौसुद्धा आहे. अमेरिकेतल्या दिल्लींशी हिचं नातं नाही, उच्चार तेवढा तोच, डेल-हाय.

इथेही गोष्ट वाळूचीच, पण वळण निराळं. पाइनची जंगलं तोडून लाकूड विकलं, मग गहू पेरला, थोड्याच वर्षांत जमीन निकस होऊन वाळू उडू लागली. झाडं लावून ती धरून ठेवण्यासाठी १९०८ मध्ये जवळच सेंट विल्यम्सला प्रांताची रोपवाटिका सुरू झाली. १९२० च्या दशकात कुणीतरी त्या हलक्या वाळूत व्हर्जिनिया जातीचा, भट्टीत गरम हवेने पिकवायचा तंबाखू लावून पाहिला आणि चित्रच पालटलं. हा निपाणीकडच्या उन्हात वाळवलेल्या विडीच्या तंबाखूसारखा नव्हे, सिगारेटचा. पानं खालून वर, पिकतील तशी खुडायची आणि उंच लाकडी किल्नमध्ये टांगायची. कष्टाचं काम, त्यासाठी बेल्जियन, हंगेरियन, जर्मन, पोलिश, युक्रेनियन कुटुंबं आली. आधी वाट्याने कसायची, मग स्वतःचं शेत घ्यायची. म्हणून एवढ्याशा गावात बेल्जियन क्लब, जर्मन होम, हंगेरियन हॉल असं सगळं दिसतं. दिल्लीतली संस्कृती म्हणून पाहायचं ते हेच. तंबाखूचं एक संग्रहालयही आहे.

नंतर सिगारेटी कमी झाल्या. २००८-०९ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने शेतकऱ्यांचे कोटे, म्हणजे किती तंबाखू पिकवायचा याचे ठरलेले हक्क, पैसे देऊन विकत घेतले. बऱ्याच जणांनी जिनसेंग, अ‍ॅस्परॅगस, भाज्या धरल्या. तंबाखू अजून पिकतो, फक्त थोड्यांच्या हातात. मजूर आता जमैका आणि मेक्सिकोतून हंगामापुरते येतात. १९६६ मध्ये जमैकापासून सुरू झालेल्या त्या सरकारी कार्यक्रमात वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसालाही इथे कायमचं राहता येत नाही. आधीच्या पिढीतल्या बेल्जियन मजुराला शेत घेता आलं, यांना नाही. गावाचा इतिहास सांगणाऱ्या पाट्यांवर हा भाग फारसा सापडत नाही.

आता मुंबई. न्यूयॉर्क राज्यात, कॅनडाच्या सीमेला चिकटून, फ्रँकलिन काउंटीत ‘बॉम्बे’ नावाचं टाउन आहे, ऑन्टॅरिओतल्या कॉर्नवॉलहून अगदी जवळ. मायकेल होगन हा आयरिश वंशाचा जहाजी कप्तान आणि व्यापारी. ‘मार्क्विस कॉर्नवॉलिस’ या जहाजातून त्याने १७९५-९६ मध्ये आयर्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैदी नेले होते. पुढे तो अमेरिकेत आला आणि इकडे त्याने मोठी जमीन घेतली. त्याची बायको फ्रान्सिस रिचर्डसन मुंबईकडची, म्हणून गावाला ते नाव पडलं. १८३३ मध्ये टाउन झालं. ती ‘भारतीय राजकन्या’ होती अशी कथा स्थानिक लोक रंगवून सांगतात. रिचर्डसन आडनावाच्या राजकन्येवर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. शेजारीच मोहॉक या मूळनिवासी लोकांचं अक्वेसास्ने आहे. तिथे नकाशा नीट बघून जा, न्यूयॉर्क, ऑन्टॅरिओ आणि क्युबेकच्या सीमा त्या एकाच समाजाच्या अंगावरून जातात.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं. एकाच रविवारी एकच गाव पाहायचं असेल तर दिल्लीऐवजी ऑन्टॅरिओतलंच एलोरा निवडा. होय, वेरूळचंच नाव. कॅप्टन विल्यम गिल्किसन या स्कॉटिश माणसाने १८३२ मध्ये ग्रँड नदीकाठी सुमारे चौदा हजार एकर घेऊन गाव आखलं. त्याच्या भावाच्या जहाजाचं नाव एलोरा होतं आणि जहाजाला ते वेरूळच्या लेण्यांवरून दिलेलं. चुनखडकात नदीने खोल घळ कापली आहे, दगडी गिरणीची जुनी इमारत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या आत पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.