क्यू, सी आणि वाय असलेले लांब इंग्रजी शब्द

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे. क्यू, सी आणि वाय ही तिन्ही अक्षरं असलेले, दहा किंवा त्याहून जास्त अक्षरांचे इंग्रजी शब्द तिला स्पर्धेसाठी गोळा करायचे आहेत. दोन तास डिक्शनरी चाळून हाती दोनच शब्द लागले. काही पद्धत आहे का?

आहे, आणि ती शिकवण्यासारखी आहे. मी बरीच वर्षं स्क्रॅबल (पाटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ) खेळतो आणि माझ्याकडे अशा शब्दांच्या वह्या आहेत. त्या भरताना एक गोष्ट पक्की कळली. अक्षरं सुटी सुटी शोधत बसलं की शब्द सापडत नाहीत, शब्दाचे तुकडे शोधावे लागतात.

सुरुवात नेहमी सगळ्यात दुर्मीळ अक्षरापासून करा. इथे ते क्यू आहे. इंग्रजीत क्यूच्या मागे जवळजवळ नेहमी यू येतो, म्हणजे आणखी एक अक्षर आयतंच मिळालं. आता वाय घ्या. लांब शब्दांत तो बहुतेक वेळा शेवटी बसतो: एल-वाय, टी-वाय किंवा सी-वाय. यातला सी-वाय तर आपल्यासाठी सोन्यासारखा, कारण दोन अक्षरं एकदम मिळतात. मग प्रश्न एवढाच उरतो की पोटात क्यू आणि शेवटी सी-वाय असलेले शब्द कोणते. फ्रीक्वेन्सी लगेच आठवतो, पण त्यात नऊच अक्षरं आहेत. पुढे ‘इन’ लावा, इनफ्रीक्वेन्सी, झाली अकरा. डेलिंक्वेन्सी अकरा, इनॅडिक्वसी दहा. दुसरी शेपटी आय-सी-ए-एल-एल-वाय. तिच्यातही सी आणि वाय दोन्ही आहेत, तिने क्विझिकली मिळतो, अकरा अक्षरी.

आपण मराठी व्याकरणात हेच केलं आहे. ‘हार’ या एका शब्दापासून प्रहार, आहार, विहार, संहार पाठ केलेत ना? तसंच मुलीला लॅटिनमधून आलेला ‘एस-ई-क्यू-यू’ हा तुकडा द्या. अर्थ आहे मागोमाग येणं. त्यातून सीक्वेन्स म्हणजे अनुक्रम, कॉन्सिक्वेन्स म्हणजे मागोमाग येणारा परिणाम. कॉन्सिक्वेंटलीत बारा अक्षरं आहेत आणि आपली तिन्ही त्यात आहेत. कॉन्सिक्वेन्शियलला पुढे ‘इन’ आणि मागे एल-वाय जोडा: इनकॉन्सिक्वेन्शियली, तब्बल सतरा अक्षरं! दुसरा तुकडा ‘ई-क्यू-यू-आय’, म्हणजे समान. त्याला आवाजाचा ‘व्होक’ जोडला की इक्विव्होकल, दोन्ही बाजूंनी सारखंच बोलणारं, म्हणजे द्व्यर्थी. त्यावरून अनइक्विव्होकली, तेरा अक्षरं. तुकड्याचा अर्थ कळला की शब्द पाठ करावा लागत नाही, तो मुलीला स्वतःला बांधता येतो. म्हणून मी तयार यादी हातात द्यायच्या विरुद्ध आहे.

आता आपल्या मुलांची खास अडचण. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे मूल शब्द कानाने शोधतं. इंग्रजीत ‘क’चा आवाज के, सी, सीएच, क्यू अशा कितीतरी रूपांत येतो आणि काही अक्षरं तर ऐकूच येत नाहीत. ॲक्विझिटिव्हली म्हणून पाहा. त्यात सी ऐकू आला का? पण तो आहे, क्यूच्या अगदी आधी, आणि शेवटी वायही आहे. तेरा अक्षरी शब्द हातातून निसटतो तो असा. ॲक्वायर, ॲक्विट, ॲक्वेंटन्स या सगळ्या घराण्यात क्यूआधी मुका सी असतो. ते घराणं वहीच्या एका पानावर एकत्र लिहून ठेवावं. अक्षरं मोजतानाही बोट ठेवून स्पेलिंग मोजायला सांगा. मराठीत ‘स्त्री’ हे एक अक्षर धरण्याची सवय असते, ती इथे घोळ करते.

कॉम्प्युटरची मदत घेतली तरी चालेल, पण आधी वही. काही ऑनलाइन डिक्शनऱ्यांत चांदणी (*) टाकून शोधता येतं, चांदणी म्हणजे तिथे काहीही चालेल. त्यात एक खाच आहे. क्यू, सी, वाय याच क्रमाने चांदण्या घालून शोधलंत तर डेलिंक्वेन्सी मिळेल, कॉन्सिक्वेंटली मिळणार नाही, कारण त्यात सी आधी येतो. तीन अक्षरांचे क्रम सहा होतात. निदान क्यू आधी आणि सी आधी असे दोन तरी शोधा, वाय बहुधा शेवटीच असतो.

घरातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स असेल किंवा तो मॅक असेल, तर ग्रेप ही आज्ञा याहून सरस; दिलेलं अक्षर असलेल्या ओळी ती फाइलमधून निवडून देते. केन थॉम्पसन यांनी ती १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिली. तिला क्रमाशी देणंघेणं नसतं. पहिल्या ग्रेपला क्यू द्या, तिचं उत्तर दुसरीकडे सी साठी पाठवा, तिथून तिसरीकडे वाय साठी. चौथीला दहा टिंबं द्या. एक टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळे दहापेक्षा लहान शब्द गळून पडतात. मॅकमध्ये शब्दांची फाइल आधीपासून असते, ‘वर्ड्स’ नावाची, दोन लाखांहून जास्त शब्दांची. लिनक्सवर ती कधी कधी वेगळी घ्यावी लागते. मात्र मॅकवरची यादी वेब्स्टरच्या १९३४ च्या कोशावरून आलेली आहे, तेव्हा तिच्यात आज कोणी न वापरणारे शब्दही ढिगाने येतात. मिळालेला प्रत्येक शब्द स्पर्धेला जी डिक्शनरी मान्य आहे तिच्यात पाहूनच वहीत लिहावा.

आणि मुलगी पुढे स्क्रॅबलकडे वळली तर सतरा अक्षरी शब्द तिथे कामाचा नाही, कारण पाटावर एका ओळीत घरंच १५ असतात. शिवाय हातात एका वेळी सात सोंगट्या. तिथे क्यूचे १० गुण मिळवायला तिला आधी छोटे शब्द लागतील, त्यांची वही वेगळी करा.