ओढायचे ते कोणते ‘स्टॉप’?

प्रश्न असा आहे: निवडणुकीच्या इंग्रजी बातमीत अमुक पक्ष ‘पुलिंग आउट ऑल स्टॉप्स’ असं छापलं होतं. म्हणजे पक्षाने वाटेतले सगळे अडथळे दूर केले, असं समजायचं का?

नाही. हा स्टॉप अडथळ्याचा नव्हे, चर्चमधल्या पाइप ऑर्गनचा. त्यात नळ्यांच्या रांगाच्या रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा आवाज निराळा, कुठला बासरीसारखा तर कुठला तुतारीसारखा. वादकाच्या हाताशी खुंट्या असतात. खुंटी बाहेर ओढली की त्या रांगेला हवा मिळते, आत ढकलली की रांग गप्प. मग आवाज उघडणाऱ्या खुंटीला ‘स्टॉप’ का म्हणायचं? मध्ययुगातल्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की साऱ्या रांगा एकदमच वाजत. नको त्या रांगा बंद ठेवायची सोय नंतर आली आणि नाव त्या बंद करण्यावरून पडलं. सगळ्या खुंट्या ओढल्या की ऑर्गन पूर्ण ताकदीने दणाणतो. त्यावरून अर्थ आला: हातचं काही न राखता सगळं पणाला लावणे.

इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नल्डने 1865 साली ‘एसेज इन क्रिटिसिझम’च्या प्रस्तावनेत आपल्या काळातल्या इंग्रज माणसालाच ऑर्गन ठरवलं होतं, दणदणीत पण सुरांनी तोकडा! त्याचे आणखी थोडे स्टॉप ओढू पाहणं लोकांना रुचत नाही, अशी त्याची तक्रार. थोडेच, सगळे नव्हेत.

आपल्या पेटीलाही पुढे स्टॉप असतात, पण तिथे सगळे ओढून बसलात तर नको ते सूरही अखंड वाजत राहतील आणि गवई वळून बघेल.

मराठीत काय म्हणावं? ‘कंबर कसणे’ इथे तोकडं पडतं, ती नुसती तयारी झाली. ‘जिवाचं रान करणे’ जवळचं, पण त्यात कष्टांचा घाम आहे. इंग्रजी प्रयोगात जिवापेक्षा साधनं जास्त दिसतात: पैसा, माणसं, ओळखीपाळखी. मुलीच्या लग्नात हौसेने उधळणाऱ्या बापालाही तो लागू होतो. तिथे मी ‘कसलीही कसर न ठेवणे’ घेईन आणि त्या बातमीपुरतं सरळ ‘सगळी ताकद लावली’.

आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ‘स्टॉप्स’आधीचा ‘द’ सर्रास गाळतात. तुम्ही लिहिताना ठेवा. आणि वर्षानुवर्षांच्या चिकाटीसाठी हा प्रयोग नको. तो एखाद्या प्रसंगापुरत्या जोराचा आहे.